धबधब्याच्या वरचे मासे

शनिवार, रात्र. तंबूत.

बोटं आखडली आहेत, अक्षर उद्या मलाच लागेल की नाही शंका आहे. पण आज लिहिलं नाही तर दोन दिवसांनी, धबधब्यावरच्या तळ्यापर्यंत मासे धरायला केलेली ही चाल सोपी होती असं मीच लोकांना सांगत सुटेन.

अंतर म्हणाल तर १४ किलोमीटर. पाऊलवाट त्यातल्या अकराव्यालाच संपली. पुढे मोठाले धोंडे, मग घसारा. दोन पावलं वर टाकावीत तर एक खाली. दादा चढताना मी बाजूला थांबायचे, मी चढताना तो. एकाच रेषेत खालीवर कधीच नाही, कारण वरच्याच्या पायाखालचा दगड थेट खालच्याच्या डोक्यात. अशीच आडवी जात असताना पाय सुटला आणि मी बसल्या बसल्या दहा-बारा फूट खाली आले. गुडघा सोलवटला, त्याचं काही नाही. पाठीमागे ‘कट्’ असा आवाज आला, तो वाईट होता. वजन वाचवायचं म्हणून गळाच्या रॉडची कडक नळी मी गाडीतच ठेवली होती. नुसत्या कापडी पिशवीत घालून रॉड सॅकला बाहेरून बांधला होता. चार तुकड्यांपैकी शेंड्याचा मधोमध मोडला. दादा काही बोलला नाही. जे बोलायचं ते त्याने निघतानाच बोलून घेतलं होतं.

शेवटी धबधबा. साठेक मीटर, जवळपास सरळसोट. शेजारच्या खडकावरून हातापायांवर चढलो, तोंडावर तुषार, धरायला शेवाळलेल्या कपारी. वर पोचल्यावर पहिली पाच मिनिटं मी तळ्याकडे पाहिलंही नाही.

तळं म्हणजे हिमनदीने खरवडून काढलेली वाटी. तीन बाजूंना कडे, चौथीकडे तिनेच लोटत आणलेल्या दगडमातीचा बांध. उंची ३,४०० मीटर. पाणी इथे ८९ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे आत्ता जेवण शिजत नाहीये, नुसतं रटरटतंय. लिहायला वेळ मिळतोय तो त्यामुळेच.

रॉड एकच उरला, म्हणून पाळ्या लावल्या. खरं सांगायचं तर माझी पाळी नसतानाच मला तळं कळलं. ओढ्यातला ट्राउट मासा प्रवाहाकडे तोंड करून एका जागी उभा राहतो, खाणं वाहत त्याच्याकडे येतं. तळ्यात ती सोय नाही, म्हणून तो गस्त घालतो. काठाजवळचं हिरवट उथळ पाणी जिथे एकदम काळं होतं, त्या कडेने तीन मासे फिरत होते. मी घड्याळ लावलं. दर सहा-सात मिनिटांनी तेच तिघे, त्याच बुडालेल्या खडकाला वळसा घालून. दादा मासा दिसला की गळ फेकायचा. गळ पडेपर्यंत मासा पुढे गेलेला. मग मी धोंड्यावर बसून सांगायला लागले, “थांब... अजून नाही... आता टाक.” त्यांच्या वाटेत दहा फूट आधी माशी, म्हणजे गळावर बांधलेला नकली किडा, टाकून गप्प बसायचं, एवढंच. एवढंच, पण ते दादाला जमत नाही. त्याला काहीतरी ‘करत’ राहावं लागतं.

चारच्या सुमाराला दरीतून वर चढणारा वारा सुटला आणि त्याने खालच्या रानातल्या पंखवाल्या मुंग्या आणून पाण्यावर सांडल्या. त्या टिपायला मासे वर आले, तळं जागोजाग फुटायला लागलं. काळी, मुंगीसारखी माशी लावली आणि पहिल्याच फेकीला मासा लागला. माझ्या पाळीत, हे नोंदवून ठेवते.

हात ओले करून उचलला, नाहीतर अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग सोडलेला मासाही वाचेलच असं नाही. जेमतेम वीतभर. पाठीवर काळे ठिपके, पोट पिवळसर, पण काहीतरी चुकल्यासारखं दिसत होतं. डोकं मोठं, डोळे मोठे आणि मागे अंगच नाही. “डोकं बापाचं, धड पोराचं,” दादा म्हणाला. वरून येणाऱ्या ओढ्याच्या तोंडाशी छान बारीक खडी आहे, तिथे अंडी भरपूर टिकत असणार. पण वर्षातले सातआठ महिने तळ्यावर बर्फ. तोंडं फार आणि घास थोडे.

सात लागले. परवान्याची मर्यादा चारची, आम्ही तीन ठेवले. बाकीचे पटापट सुटले, गळाचा उलटा काटा दादा पकडीने आधीच दाबून सपाट करतो.

आत्ता दादाने झोपता झोपता विचारलं, “आपण त्या धबधब्यावर चढताना मरायला टेकलो. हे कसे चढले गं?”

रविवार, दुपार. खाली, पाऊलवाटेवर.

उत्तर मला रात्रीच माहीत होतं, पण तो घोरायला लागला होता. ते चढलेच नाहीत. अशी बरीचशी उंच तळी मुळात बिनमाशांचीच. धबधबा हे त्यांचं बंद दार. मासे माणसांनी नेऊन सोडले. आधी खेचरांच्या पाठीवर डब्यांतून, पुढे अमेरिकेत तर विमानातून. दोनतीन इंचांची बोटुकली, म्हणजे माशांची पिल्लं, पाण्यासकट वरून सोडतात. अंगाने इतकी हलकी की तरंगत खाली येतात आणि बहुतेक जगतात. म्हणजे मी गुडघा फोडून जिथे पोचले, तिथे या माशांचे पूर्वज डब्यात बसून आले असणार. काल दिवसभर मी ‘निर्मनुष्य’ हा शब्द मनात घोळवत होते, तो आता जरा अवघड वाटतोय.

सकाळी पाणी भरायला तळ्याऐवजी वरच्या डबक्यावर गेले. वीसेक पावलं वर, आठदहा फूट रुंद, ओढ्याशी संबंध नाही, त्यामुळे मासे नाहीत. पोटावर झोपून पाहिलं तर पाणी वळवळत होतं. बेडकाची पिल्लं, शेकड्यांनी, दगडांवरचं शेवाळ कुरतडत. शेपटीच्या मुळाशी मागचे पाय नुकते फुटलेले. त्यांच्यामधून टाचणीच्या डोक्याएवढे लाल ठिपके झटके देत फिरत होते. मग तळ्याच्या काठाने अर्धा फेरा मारला, दगड उलटून पाहिले. एकही पिल्लू नाही, लाल ठिपकाही नाही.

कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडातली गोष्ट आठवली. तिथल्या पिवळ्या पायांच्या बेडकाची पिल्लं पूर्ण वाढायला दोनतीन वर्षंही घेतात, म्हणून त्यांना तळापर्यंत न गोठणारी खोल तळीच लागतात. नेमकी तीच तळी ट्राउटलाही मानवली, आणि बेडूक संपत आले. सेक्वोया आणि किंग्ज कॅन्यनच्या राष्ट्रीय उद्यानांत २००१ पासून जाळी लावून काही तळ्यांतले ट्राउट काढून टाकतात. तिथे बेडूक परत वाढले.

हे सगळं दादाला सांगितलं. तो रॉड जोडत होता, ऐकून म्हणाला, “मग चौथा ठेवायला हवा होता.”

आणि गळ टाकायला गेला. मी पुन्हा डबक्याशी जाऊन पालथी झाले. माझी पाळी आली तेव्हा त्याने दोनदा हाक मारली म्हणे.

उतरताना धबधब्याजवळ त्याने माझी सॅक दोरीने सोडली. शेंड्याचा मोडका तुकडा खिशात आहे, मांडीला टोचतोय.