मरळसाठी रॉड घ्यायच्या आधी बेडूक तोलून घ्या

गेल्या उन्हाळ्यात घरच्या लग्नासाठी माझा आतेभाऊ जर्मनीहून आला आणि येताना माझ्यासाठी त्याचा पाईक मासा धरायचा रॉड घेऊन आला, एकदम भारी चीज, आठ फुटी, दोन तुकड्यांचा, दांड्यावर छापलेलं 50 ते 130 ग्रॅम, म्हणजे एवढ्या वजनाचं आमिष फेकायला. मला इतका आनंद झाला की हळदीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे पाचलाच आम्ही दोघं बाईकवर गिरणेच्या डोहावर. भडगावच्या खालच्या अंगाला एक जागा आहे, मे महिन्यात नदी आटली की तिथे पाणी उरतं, काठाला पानवेली आणि लव्हाळा, आणि त्यात मरळ. माझा नेहमीचा रबरी बेडूक बांधला, जोर लावून फेकला, आणि तो आठ-दहा पावलांवर टप्पकन पडला. परत फेकला, तेच. खांदा दुखेपर्यंत फेकत राहिलो पण बेडूक काही पानवेलीपर्यंत जाईना. पलीकडे जाळं धूत बसलेले भोई नाना बघत होते, त्यांनी रॉड हातात घेतला, शेंडा वाकवून पाहिला आणि म्हणाले, "काठी चांगली शे भो, पन आठे कामनी नही."

काठी चांगली पण इथल्या कामाची नाही, हे नाना एका वाक्यात बोलले ते मला नीट समजायला पुढचे बरेच दिवस लागले. तेच इथे लिहितोय, कारण आपल्याकडे जळगाव, धुळे, नंदुरबारकडची बरीच पोरं आता ल्युअरवर, म्हणजे खोट्या आमिषावर, मासेमारी करायला लागलीत, व्हिडिओ सगळे बाहेरच्या देशांतले बघतात, त्यात पाईकसाठी हेवी रॉड दिसतो, आणि मग तीन-चार हजार जमवून "हेवी" लिहिलेला कुठलाही रॉड मागवतात.

पाईक हा आपला मासाच नाही. तो युरोप, उत्तर आशिया, उत्तर अमेरिकेतल्या थंड पाण्यातला. लांबट अंग, चपटं तोंड, आणि दात असे की साधा दोरा कापून टाकतात, म्हणून तिकडे ल्युअरच्या पुढे वायरचा तुकडा लावल्याशिवाय कोणी पाण्यात टाकत नाही. मोठा पाईक मोठं खातो, त्यामुळे ल्युअरही साठ, ऐंशी, शंभर ग्रॅमचे, वीतभर लांब रबरी मासे. एवढं वजन दिवसभर फेकायचं म्हणजे दांडा तसाच जाड लागणार. आतेभावाचा रॉड त्याच्या तळ्यावर एकदम बरोबर आहे.

आपली मरळ वेगळी. ती वरची हवा घेते, म्हणून अधूनमधून पाण्यावर येते, वेलीच्या आडोशाला पडून असते आणि वरून बेडूक, उंदीर, काही सरकलं की झडप घालते. म्हणून आपण पोकळ रबरी बेडूक फिरवतो, त्याचे दोन्ही गळ पाठीला चिकटून वर असतात, वेलीत अडकत नाहीत. आता हा बेडूक हलका असतो. पण मरळने तोंडात घेतला की ती सरळ खाली वेलीच्या मुळात घुसते, आणि मग तुम्हाला मरळ अधिक पाच किलो ओला पाला असं सगळं ओढून काढायचं असतं. म्हणजे पाईकच्या रॉडला ताकद लागते ती जड ल्युअर फेकायला, आणि आपल्याला ताकद लागते ती मासा पाल्यातून उपसायला, फेकायचं मात्र हलकंच असतं. दोन्हींना इंग्रजीत हेवी म्हणतात आणि तिथेच आपण फसतो.

रॉड फेकतो कसा ते लक्षात घ्या. तुम्ही हात मागे नेता तेव्हा ल्युअरच्या वजनाने शेंडा मागे वाकतो आणि पुढे येताना तो वाक सुटतो, त्या सुटण्यानेच ल्युअर लांब जातो. 50 ग्रॅमपासून पुढच्या रॉडला 12 ग्रॅमचा बेडूक लावला तर शेंडा वाकतच नाही, मग तुम्ही नुसत्या दंडाच्या जोरावर दगड फेकल्यासारखं फेकता. उलटंही वाईट, 10 ते 20 ग्रॅमच्या रॉडने 40 ग्रॅम जोरात फेकलं तर फेकतानाच तुटू शकतो.

म्हणून मी काय केलं, माझा सगळा डबा घेऊन जळगावला मित्राच्या सराफी दुकानात गेलो. सोनं तोलायचा काटा, पॉइंटपर्यंत वजन दाखवतो. एकेक करून सगळं ठेवलं आणि वहीत लिहिलं. मोठा बेडूक साडेपंधरा ग्रॅम, छोटा अकरा, धातूचा चमचा-ल्युअर 21, रबरी मासा वजनदार गळासकट 24, आणि शिवडा माशासाठी ठेवलेला खोल जाणारा ल्युअर 27. डब्यातलं तीसच्या वर काहीच नाही! एवढी वर्षं मी फेकतोय आणि हे मला माहीतच नव्हतं. तुमच्या गावात सराफ नसेल तर किराणा दुकानाचा इलेक्ट्रॉनिक काटा पण चालेल, पॉइंट नाही दाखवला तरी अंदाज येतो.

वही हातात आली की अर्धं काम झालं. बऱ्याच रॉडवर वजन औंसात लिहितात, एक औंस म्हणजे साधारण 28 ग्रॅम, अर्धा म्हणजे 14. माझ्या डब्याला 10 ते 30 ग्रॅमच्या आसपासचा, म्हणजे साधारण एक औंसापर्यंत जाणारा रॉड हवा. स्वस्त रॉडवर छापलेला वरचा आकडा मी पूर्ण खरा धरत नाही, माझा सगळ्यात जास्त वापरायचा ल्युअर त्या पट्ट्याच्या मधोमध बसला पाहिजे एवढं बघतो. पॉवर मिडियम हेवी किंवा हेवी, अॅक्शन फास्ट. हे दोन शब्द वेगळे आहेत, पॉवर म्हणजे वाकवायला किती जोर लागतो आणि अॅक्शन म्हणजे वाक कुठे पडतो. फास्ट असला की शेंड्याकडचाच भाग वाकतो, खालचा दांडा ताठ राहतो, म्हणजे शेंडा बेडूक फेकतो आणि खालचा दांडा मरळ उपसतो. लांबी सात फूट पुरे. आपल्या काठांवर बाभळी आहेत, आठ फुटी रॉड मागे न्यायला जागा नसते.

आता पैशाचं. माझं बजेट रॉडला 3 हजार होतं, एक रुपया वर नाही, कारण खरिपाच्या तोंडावर घरात पैसा मागायची सोय नसते. त्याआधीचा रॉड मी 900 रुपयांत घेतला होता, टेलिस्कोपिक, म्हणजे एकात एक सरकणाऱ्या तुकड्यांचा, खिशात मावेल असा, तो दुसऱ्याच मरळला मधल्या सांध्यात फुटला आणि मासा बेडकासकट गेला. तोंडात गळ घेऊन गेलेली ती मरळ मला अजून आठवते, वाईट वाटतं. टेलिस्कोपिक घेऊच नका, इतके सांधे असले की ताण एकेका सांध्यावर येतो. दोन तुकड्यांचा घ्या.

तीन हजारांत मला पूर्ण चांगलं कार्बन मिळालं नाही, फायबरग्लास मिसळलेला दांडा मिळाला, आणि मला तो चालला. थोडा जड असतो पण काठावर आपटला, बाईकवर ठोकर बसली तरी लवकर तडकत नाही. खरा पैसा कड्यांमध्ये बघा. ज्यातून दोरा जातो ती कडी, त्यात आतली सिरॅमिकची रिंग गुळगुळीत हवी, कारण आपण ब्रेड, म्हणजे विणलेला दोरा, वापरतो आणि ब्रेड हलक्या कडीत खाच पाडतो, मग तीच खाच ब्रेड कापते. दुकानात जाताना कानात घालायचा कापूस लावलेला बड घेऊन जा आणि प्रत्येक कडीतून फिरवा, कुठे तंतू अडकला तर तडा आहे, ठेवून द्या. मग दांडा डोळ्याजवळ धरून बंदुकीसारखा नेम धरून बघा, सगळी कडी एका रेषेत आहेत का. सांधा बसवून हलवा, खट्‌खट् वाजला तर नको. रील लावून घट्ट करा आणि पिळून बघा. शेवटी एक लिटर पाण्याची भरलेली बाटली शेंड्याच्या दोऱ्याला बांधून हळूच उचला, दांडा तिरपा ठेवून, उभा नाही. वाक शेंड्यात पडून मूठ ताठ राहिली की समजा जमतंय. दुकानदार करू देत नसेल तर मी तिथून घेत नाही, सरळ.

रीलवर फार खर्च करू नका, 3000 किंवा 4000 साइजचं, ड्रॅग, म्हणजे माशाने ओढलं की दोरा सोडणारा ब्रेक, एकसारखा सुटणारं. बेअरिंग किती त्याच्या आकड्याने काही होत नाही. ब्रेड 40 पौंडाचा, म्हणजे साधारण 18 किलो, एवढा जोर पाल्यासाठी. मरळला वायर लागत नाही, पुढे जाड मोनोचा, म्हणजे एकाच तंतूच्या नायलॉन दोऱ्याचा, हातभर तुकडा लावतो मी. रॉड बहुतेक वेळा मोठ्या माशाने नाही, आपल्या हाताने तुटतो, मासा पायाशी आला की आपण रॉड सरळ डोक्यावर मागे ओढतो आणि सगळा ताण बारीक शेंड्यावर येतो. रॉड खाली ठेवा, पाण्यात उतरा, नाहीतर जाळी वापरा.

एक गोष्ट मनापासून सांगतो. कार्बनमधून करंट जातो. आपल्याकडे नदीकाठी पाण्याच्या मोटारींच्या विजेच्या लायनी खाली लोंबलेल्या असतात, त्यांच्याखाली फेकू नका, आणि रॉड जोडलेला उभा धरून चालू नका. वीज कडकडायला लागली की रॉड खाली आणि घरी.

न्यायला मी 75 एमएमचा पीव्हीसी पाइप कापला, शेतात ठिबकच्या कामातून उरलेला, दोन्ही बाजूंना झाकण, आत जुनं फडकं. एसटीच्या रॅकवर आडवा जातो. आणि भुसावळच्या उन्हात गाडीत रबरी ल्युअर ठेवू नका, एकमेकांना चिकटून गोळा होतो, माझा अख्खा डबा गेलाय.

नवा रॉड 2,750 ला बसला. जूनच्या पहिल्या आठवड्यात त्याच डोहावर गेलो, साडेपंधराचा बेडूक वेलीच्या पार पलीकडे पडला, तिसऱ्या फेकीला पाणी फाटलं. मी एक, दोन म्हणेपर्यंत थांबलो, मग ओढलं. पाल्याच्या गोळ्यासकट आली, दीड किलोची. नानांना दिली, त्यांनी रॉड परत वाकवून पाहिला, काही बोलले नाहीत, दोनदा मान हलवली.

पाऊस लागला की मात्र मरळ पिल्लं घेऊन फिरते, पाण्यावर लालसर पिल्लांचा गोळा दिसतो आणि आई-बाप खाली पहारा देत असतात. तेव्हा ते बेडकावर रागाने येतात, धरणं सोपं असतं, आणि ते धरले की अख्खा गोळा इतर माशांच्या पोटात जातो. म्हणून पाऊस लागल्यापासून पोळा होईपर्यंत माझा पाइप माळ्यावर असतो. आतेभावाचा रॉड पण तिथेच आहे, तेल लावून ठेवलाय सांधा, पुढच्या वेळी आला की परत देणार, त्याच्या तळ्याला तो लागेल.