बोलोन्यातला हातात नाक घेतलेला डॉक्टर

इटलीतल्या बोलोन्यात आर्किजिन्नासिओच्या, म्हणजे जुन्या युनिव्हर्सिटीच्या इमारतीच्या, दारावरून आम्ही चक्क दोनदा पुढे गेलो. लांबलचक कमानींची ओसरी, खाली दुकानं, कॉफीवाले, त्यात १५६३ साली बांधून झालेल्या युनिव्हर्सिटीचं दार शोधायचं म्हणजे! आत चौक आणि जिने, आणि भिंतीपासून छतापर्यंत नुसती रंगीत चिन्हं, सहा हजारांच्या आसपास, निवडून आलेल्या स्टुडंट लीडर्सची. आपल्याकडे पोरं गडावर नावं कोरतात तसंच, फक्त परवानगीने. १८०३ मध्ये युनिव्हर्सिटी दुसरीकडे गेली, आता इथे लायब्ररी आहे. स्ताबात मातेर नावाच्या हॉलमध्ये रोसिनी या संगीतकाराची त्याच नावाची रचना १८४२ ला दोनिझेत्ती या दुसऱ्या संगीतकाराने कंडक्ट केली होती, आजही तिथे लेक्चर्स वगैरे होतात, आम्ही गेलो तेव्हा माइक टेस्टिंग चालू होतं.

पण खरी मजा अ‍ॅनाटॉमी थिएटरमध्ये. अख्खी खोली लाकडाची, मधोमध पांढरं संगमरवरी टेबल ज्यावर प्रेतं चिरायचे, तेही थंडीत, वास मारू नये म्हणून. प्रोफेसरच्या खुर्चीवरचं छत कातडी सोललेल्या माणसांचे दोन लाकडी पुतळे तोलून धरतात, एकेक स्नायू मोजून घ्या. १९४४ च्या बॉम्बिंगमध्ये हे सगळं जवळपास जमीनदोस्त झालेलं, ढिगाऱ्यातून तुकडे वेचून परत उभं केलंय हे सांगूनही पटत नाही.

आणि कोनाड्यात इथल्याच जुन्या सर्जनचा, तालियाकोत्सीचा पुतळा, हातात चक्क एक नाक! १५९७ च्या पुस्तकात त्याने दंडाची कातडी नाकाला जोडायची पद्धत दिली, पेशंटने हात चेहऱ्याला बांधून दोन-तीन आठवडे तसंच बसायचं, बापरे. मला एकदम पुणं आठवलं. १७९४ ला लंडनच्या एका मासिकात छापून आलं होतं की कावसजी नावाच्या, इंग्रजांच्या फौजेतल्या मराठा गाडीवानाचं नाक टिपूच्या कैदेत कापलं गेलं आणि पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसाने कपाळाची कातडी खाली वळवून नवं नाक बसवलं. हात बांधायची भानगडच नाही.

नवऱ्याला हे सगळं तिथेच उभं राहून सांगितलं तर तो म्हणाला, "मग त्याचा पुतळा कुठंय?" म्हटलं पुतळा राहू दे, त्या बातमीत त्याचं नावसुद्धा छापलं नव्हतं.