बटण दाबले की नुसता ‘टक्’ : जुन्या मोटारसायकलच्या सेल्फचा आणि इंजिनाचा माझा अनुभव

माझी मोटारसायकल २००७ सालची, १५० सीसीची आणि कार्ब्युरेटरची आहे. चिपळूणच्या पावसात ती वर्षानुवर्षे उघड्यावर उभी राहिली आहे आणि तिचे अडुसष्ट हजार किलोमीटर पूर्ण झाले आहेत. गेल्या जुलैमध्ये तिचे सेल्फचे बटण दाबले की फक्त ‘टक्’ असा आवाज येऊ लागला आणि इंजिन फिरेनासे झाले. किकवर ती थंड असताना दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नात सुरू होई. मात्र दहा-पंधरा किलोमीटर चालवून पेट्रोल पंपावर बंद केली, की आठ-दहा किक मारूनही दाद देत नसे. दीड वर्षात मी दोन बॅटऱ्या बदलल्या होत्या. गॅरेजमध्ये सांगण्यात आले की सेल्फची मोटर नवी घालावी लागेल आणि इंजिनाचे हेडही (सिलिंडरवरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग) उघडावे लागेल. खर्चाचा आकडा ऐकून मी दोन दिवसांची मुदत मागितली.

शेजारचे काका एसटीच्या वर्कशॉपमध्ये इलेक्ट्रिशियन होते. त्यांनी विचारले, ‘‘तू व्होल्टेज मोजलंस, पण ते बटण दाबून मोजलंस का?’’ मी तसे मोजले नव्हते. बटण न दाबता मीटर १२.७ व्होल्ट दाखवत होता, म्हणजे ती पूर्ण भरलेली होती. बटण दाबल्यावर आकडा ११.४ वर आला. काकांच्या मते खरा धागा येथेच होता, कारण बॅटरी थकलेली असती तर मोटरच्या ओढीने व्होल्टेज नऊच्याही खाली कोसळले असते. ते एवढेच उतरले, याचा अर्थ बॅटरी प्रवाह द्यायला तयार होती, पण वाटेत कोठेतरी तो अडत होता.

त्यानंतर आम्ही वाटेचा एकेक तुकडा तपासला. मीटरच्या दोन्ही सळ्या त्या तुकड्याच्या दोन टोकांना लावायच्या आणि दुसऱ्याने बटण दाबायचे. वायर आणि जोड चांगले असतील तर मीटर जवळजवळ शून्य दाखवतो. जितके व्होल्ट दिसतील तितके त्या तुकड्यात वाया जात असतात. प्रवाह वाहत नसेल तर खराब जोडही निर्दोष दिसतो, म्हणून ही तपासणी बटण दाबूनच करावी लागते. रिलेच्या (बटण दाबल्यावर मोटरला प्रवाह जोडणाऱ्या स्विचच्या) दोन जाड टोकांमध्ये ०.२ व्होल्ट दिसले, म्हणजे ज्या रिलेवर माझा सर्वाधिक संशय होता तो ठीक होता. बॅटरीचे ऋण टोक आणि इंजिनाचे उघडे धातूचे अंग यांच्यामध्ये मात्र १.६ व्होल्ट दिसले. अर्थिंगची केबल जेथे बोल्टने इंजिनाला आवळली होती, तेथे हिरवट क्षार साचला होता. बोल्ट काढला, दोन्ही पृष्ठभाग पॉलिश पेपरने चकचकीत केले, बोल्ट घट्ट आवळला आणि वरून ग्रीस लावले. तेवढ्याने सेल्फ फिरू लागला, पण रखडत. मध्येच तो पुन्हा मुका होई आणि मोटरच्या अंगावर पान्याच्या दांड्याने हलकेच ठोकले की जागा होई. काका म्हणाले, ‘‘हे कार्बन संपल्याचं लक्षण आहे.’’ कार्बन म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला टेकून त्याला प्रवाह देणारे छोटे ठोकळे.

मोटर काढण्याआधी बॅटरीचे ऋण टोक सोडवले. मोटर उघडताना झाकण आणि नळकांडे यांवर एकसलग रेघ मारून ठेवली, जेणेकरून बसवताना झाकण फिरणार नाही. आर्मेचरच्या (मोटरच्या फिरत्या भागाच्या) दांड्यावरील पातळ वॉशरांचा क्रम मोबाइलवर टिपून घेतला. हे वॉशर हरवले किंवा उलटसुलट बसले तर आर्मेचर पुढेमागे सरकत राहते, आणि ही चूक मोटर पुन्हा गाडीवर चढवेपर्यंत कळत नाही. आत कार्बनची भुकटी ओलीने लगद्यासारखी झाली होती. नवे कार्बन दहा मिलिमीटरचे होते. माझ्या गाडीतले झिजून चारवर आले होते, त्यामुळे त्यांच्यामागच्या स्प्रिंगचा दाब कॉम्युटेटरपर्यंत (आर्मेचरवरच्या, कार्बन टेकतात त्या तांब्याच्या पट्ट्यांपर्यंत) नीट पोचत नव्हता. काळवंडलेला कॉम्युटेटर बारीक पेपरने साफ केला आणि त्याच्या पट्ट्यांमधल्या खाचा करवतीच्या पात्याच्या तुकड्याने मोकळ्या केल्या. शेवटी मीटरने पाहिले : प्रत्येक पट्टी शेजारच्या पट्टीशी जोडलेली असली पाहिजे, पण दांड्याशी एकही नाही. ही कसोटी उतरली, म्हणजे आर्मेचर शाबूत होते आणि नव्या मोटरची गरज नव्हती. नवे कार्बन डाखले, जुनी ओ-रिंग बदलली आणि मोटर बसवली. बटण दाबताच इंजिन जोमाने फिरले.

तरीही गरम गाडी लवकर सुरू होईना. मग माझ्या लक्षात आले, की हा दुसरा दोष पहिल्याचाच उगम असावा. गरम इंजिन सुरू होत नाही म्हणून मी बटण बराच वेळ दाबून धरत असे. त्याने मोटर तापत होती, कार्बन झिजत होते आणि बॅटरी उपसली जात होती. गरम असताना किक पायाला हलकी लागे, थंड असताना तशी लागत नसे. हे कंप्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, गळत असल्याचे चिन्ह होते.

टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि तो दाबणारा रॉकर यांच्यातली फट, तपासण्यासाठी गाडी रात्रभर थंड होऊ दिली. मॅग्नेटवरची (इंजिनाबरोबर फिरणाऱ्या चाकावरची) खूण झाकणाच्या खिडकीत जुळवली. इनलेटचा रॉकर बोटाने किंचित खेळत होता, पण एक्झॉस्टचा हलेना. आपण चुकीच्या फेरीवर (जेथे व्हॉल्व्ह पूर्ण बंद नसतात) आहोत की काय, या शंकेने इंजिन पूर्ण एक फेरी पुढे नेले, तर तेथे दोन्ही रॉकर आवळलेले होते. म्हणजे पहिलीच जागा बरोबर होती. गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे इनलेटला ०.०५ आणि एक्झॉस्टला ०.१० मिलिमीटर फट हवी. एक्झॉस्टमध्ये ०.०५ मिलिमीटर जाडीची मोजपट्टीही शिरली नाही. गरम झाल्यावर व्हॉल्व्ह लांबतो आणि फटच नसेल तर तो आपल्या जागेवर पुरता बसत नाही, हे कोडे तेथे उलगडले. मग रॉकरचा स्क्रू फिरवून फट ०.१० वर आणली. स्क्रू जागी धरणारा चेकनट आवळताना स्क्रू किंचित फिरतो आणि फट बदलते, म्हणून मला हे काम चार वेळा करावे लागले. प्लगची फट ०.९ झाली होती, ती ०.७ वर आणली; कार्ब्युरेटरचा पायलट जेटही (कमी गतीला पेट्रोल सोडणारे बारीक छिद्र) धुतला.

आता गरम गाडी बटणाच्या पहिल्या स्पर्शाला सुरू होते आणि रेस दिल्यावर बॅटरीवर १४.१ व्होल्ट दिसतात, म्हणजे चार्जिंगही योग्य आहे. तीन हजार किलोमीटरनंतर मी टॅपेट पुन्हा पाहिले. इनलेट जसेच्या तसे होते, पण एक्झॉस्टची फट ०.०७ वर आली होती. व्हॉल्व्हची बैठक हळूहळू झिजून व्हॉल्व्ह आत सरकत असावा, असा याचा अर्थ आहे. तेव्हा हेड उघडण्याचा गॅरेजचा सल्ला चुकीचा नव्हता. हेड उघडेपर्यंत दर दोन हजार किलोमीटरला फट मोजून वहीत लिहून ठेवतो आहे.