ताई, रविवारी बसेल का तो?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. मोटोजीपीच्या, म्हणजे मोटरसायकलच्या जागतिक शर्यतींच्या, सरावाच्या शुक्रवारी कुणीतरी पडतं, संध्याकाळपर्यंत एक्स-रे काढल्याची बातमी येते आणि माझा फोन वाजायला लागतो. "ताई, तुम्ही फिजिओ, तुम्हाला कळत असणार. रविवारी बसेल का तो? चान्स किती?" मी सांगत नाही. मग पुढचं ठरलेलंच. "टायरवर अर्धा तास बोलता, क्यू-टूला, म्हणजे क्वालिफायिंगच्या शेवटच्या फेरीला, थेट कोण जाणार ते गुरुवारीच सांगता, आणि तुमच्याच विषयातलं विचारलं की गप्प. असं का ओ?"

मला कळत नाही म्हणून मी गप्प बसते, असं कुणाला वाटत असेल तर तसं नाही. भाव खाते असंही काही जण म्हणतात, त्यांनी खुशाल म्हणावं. कॉलरबोनला प्लेट बसवली की रायडर किती दिवसांत हँडल धरू शकतो, मनगट मोडलं असेल तर उजव्या हाताला थ्रॉटल आणि पुढचा ब्रेक दोन्ही कसं जमणार, तीनशेच्या वेगातून ब्रेक मारताना सगळं अंग दोन हातांवर कसं येतं, हे मी सांगू शकते. तुमच्यातल्या पुष्कळांपेक्षा बरं सांगेन. तरीही "बसेल का?" याला माझं उत्तर नाही. हा प्रश्न हाडाबद्दलचा नसतोच. माणूस किती सोसेल याचा अंदाज मागितलेला असतो, आणि तो मागणारे आपण घरी चहा पीत बसलेलो असतो.

आता जुलै २०२०. हे सांगितल्याशिवाय बाकीचं कळणार नाही.

माझ्याकडे तेव्हा तासगाव तालुक्यातला एक मुलगा येत होता. विशीतला, घरची द्राक्षबाग. जूनमध्ये, ट्रॅक्टरच्या चाकांनी डांबरावर आणलेल्या चिखलात गाडी घसरली आणि उजव्या दंडाचं हाड मधोमध मोडलं. प्लेट टाकलेली. पहिल्या दिवशी वडील त्याचं हेल्मेटसुद्धा पिशवीतून घेऊन आले होते, कशाला कुणास ठाऊक. त्याच्यावर ९३ चा स्टिकर होता, मोटोजीपीतल्या एका रायडरचा नंबर. मी म्हटलं, "मार्केझ?" हात गळ्यात बांधलेला असताना ते पोरगं खुर्चीतून उठलं. त्यानंतर व्यायाम घेणं सोपं झालं. बोटं मिटायची, उघडायची, कोपर हळूहळू वाकवायचा, आणि तोंडाने चर्चा: यंदा क्वार्तारारो काय करेल, डोव्हिझिओसो किती टिकेल. रेस कोरोनाने लांबत लांबत जुलैत आल्या होत्या, त्यामुळे बोलायला भरपूर होतं.

१९ जुलैला स्पेनमधल्या हेरेथची रेस. मार्केझ आधी एकदा बाहेर जाऊन सोळावा झाला, तिथून एकेकाला मागे टाकत तिसऱ्या नंबरपर्यंत आला आणि थोडे लॅप उरले असताना तिसऱ्या वळणात हायसाइड होऊन, म्हणजे घसरलेलं मागचं चाक अचानक पकड घेऊन, बाईकवरून उडाला. त्याच्याच बाईकचं पुढचं चाक दंडावर आदळलं. सोमवारी मुलगा आला तो दारातूनच म्हणाला, "मॅडम, सेम हाड. हातपण सेम."

मंगळवारी मार्केझचं बार्सिलोनात ऑपरेशन झालं आणि शनिवारी, २५ जुलैला, तो त्याच ट्रॅकवर बाईकवर बसला. डॉक्टरांसमोर पुशअप्स मारल्याचं सगळीकडे फिरत होतं. वाघ आहे वाघ. माणूस नाही, मशीन आहे. जो तो हेच बोलत होता. रविवारी मार्केझ पहिल्या पाचात येईल की पहिल्या दहात, यावर पैजा लागल्या होत्या.

खरं सांगायचं तर त्या शनिवारी मीही फोनला चिकटून होते. उजव्या वळणात तो कोपर कुठे ठेवतोय ते बघत होते, आणि ते नुसतं फिजिओचं बघणं नव्हतं. त्याला ते जमावं असं मला मनापासून वाटत होतं. पहिल्या क्वालिफायिंगमध्ये तो परत आत आला आणि वीकेंड सोडला, तेव्हा माझा जीव भांड्यात पडायला हवा होता. तसं झालं नाही. मी खट्टू झाले.

पुढच्या आठवड्यात मुलगा आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. ऑगस्टमध्ये वडिलांबरोबर आला तेव्हा हात परत गळ्यात होता. वडिलांनी एक्स-रेची फिल्म माझ्यापुढे धरली. मी ती खिडकीशी नेली. हाड जिथे मोडलं होतं तिथल्या भोकापाशीच प्लेट तुटलेली आणि हाडाच्या दोन तुकड्यांमध्ये कोन पडलेला. हाड जुळेपर्यंतच प्लेटने तग धरायचा असतो. हाड आधी धरलं तर निभावलं, नाहीतर पुन्हा पुन्हा वाकवलेल्या तारेसारखी प्लेटही थकून तुटते. याने सहाव्या आठवड्यात भरलेला पंप पाठीवर चढवला होता. बागेत फवारणीला माणूस मिळत नव्हता.

वडील मला म्हणाले, "ह्यो मार्केस कोण ओ मॅडम? त्यो चौथ्या दिवशी गाडीवर बसला, मला तर दीड महिना झाला, असं म्हणून पंप उचलला यानं."

मी त्यांना सांगितलं. स्पेनचा आहे, मोटोजीपीत सहा वेळा वर्ल्ड चॅम्पियन झालाय, त्याच्याबरोबर डॉक्टर असतात, टीम असते, गाडीवर बसायचेच त्याला पैसे मिळतात. ते ऐकत होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, म्हणून मला बोलणं आणखी अवघड झालं. मधेच मुलगा म्हणाला, "मॅडम, त्याचीपण प्लेट मोडली, कळलं का? घरात मोठी खिडकी सरकवताना." ३ ऑगस्टला मार्केझचं दुसरं ऑपरेशन झालं होतं. हे सांगताना पोराच्या आवाजात दिलासा होता. तो आवाज माझ्या कानातून अजून गेलेला नाही.

याचं दुसरं ऑपरेशन झालं, कमरेचं हाड काढून दंडात भरलं. त्यात दंडाच्या हाडाला लपेटून जाणारी नस दुखावली आणि मनगट पडलं. हात पुढे केला की पंजा खाली लोंबायचा. अशी नस सावरते, पण दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढते. मनगट सरळ उचललं गेलं ते संक्रांतीच्या सुमारास. माल काढायला लागले तेव्हा तो बागेत डाव्या हाताने कात्री चालवत होता, असं वडिलांनी फोनवर सांगितलं. दोन्ही ऑपरेशनचं कर्ज किती झालं ते मी विचारलं नाही.

माझ्या नोंदवहीत काय लिहिलंय तेही सांगते, कारण हे ऐकल्यावर हळूच तेही विचारलं जातं. वजन उचलायचं नाही, गाडी चालवायची नाही, पुढचा एक्स-रे बघितल्याशिवाय झोळी काढायची नाही. तिन्ही गोष्टी लिहिल्या आहेत आणि प्रत्येक वेळी तोंडीही सांगितल्या आहेत. पण व्यायामाच्या वेळची रेसची सगळी चर्चा या सूचनांच्या उलट बाजूला होती.

दादाचं म्हणणं वेगळं आहे. आमच्याकडे विश्रामबागेत संध्याकाळी साडेपाचची युरोपातली रेस बघायला चारपाच जण जमतात, त्यात त्याचाच आवाज मोठा. तो म्हणतो, "मार्केझ नसता तरी पोरानं पंप उचललाच असता. बाग कुणासाठी थांबते?" असेलही. जत्रेच्या फडात निखळलेल्या खांद्याने कुस्ती मारल्याच्या गोष्टी आपल्याकडे कौतुकाने सांगतातच, त्याला स्पेनचा रायडर लागत नाही. तरी त्या पोराने नाव घेतलं ते मार्केझचं.

आणि दादा मला २०१३ ची आठवण करून देतो. नेदरलँड्समधलं आस्सेन. रायडर लोरेन्झो गुरुवारी पावसात पडला, कॉलरबोन मोडली. विमानाने बार्सिलोनाला गेला, प्लेट बसवून घेतली, विमानाने परत आला आणि शनिवारी रेस केली. पाचवा आला. मी तेव्हा शिकत होते आणि रेस संपल्यावर उभी राहून टाळ्या वाजवत होते. हॉस्टेलवर सगळ्यांना सांगत सुटले होते की असा माणूस होणे नाही. त्या मुलीला आज मी काय सांगू? दोन आठवड्यांनी जर्मनीत झाक्सेनरिंगला तो परत पडला, प्लेट वाकली आणि ती रेस हुकली. वर्षाअखेर गुण: मार्केझ ३३४, लोरेन्झो ३३०. चार गुण. मी म्हणते, थांबला असता तर पुढची प्लेट वाकली नसती. ती मुलगी म्हणते, आस्सेनला बसला नसता तर पाचव्या नंबरचे अकरा गुणही गेले असते, मग चार गुणांपर्यंत आला असता का? तिचं गणित मला खोडून काढता आलेलं नाही. जुना रायडर डूहान, त्याचं तर तिला सांगायलाच नको. १९९२ मध्ये आस्सेनलाच पाय मोडला, तो कापावा लागेल की काय अशी वेळ आली, त्याच मोसमात तो परत आला, किताब चार गुणांनी हुकला आणि पुढे १९९४ पासून सलग पाच जिंकला.

मार्केझच्या दंडाची चार ऑपरेशनं झाली. तिसरं डिसेंबर २०२० मध्ये, चौथं जून २०२२ मध्ये अमेरिकेत, कारण हाड जुळलं होतं ते पिळलेल्या स्थितीत. मधल्या काळात, २०२१ मध्ये, तो झाक्सेनरिंगला जिंकला. त्या वीकेंडला मी तोंड उघडलं होतं, हे तुमच्यातले काही जण विसरत नाहीत. तिथे दहा वळणं डावी आणि तीन उजवी, म्हणून मी म्हटलं होतं की दुखऱ्या उजव्या हातावर भार कमी येईल, याला धरा. पण तेव्हा तो एप्रिलपासून रेस करत होता. कालपरवा मोडलेल्या हाडाबद्दल मी बोलत नव्हते. या दोन गोष्टी एक नाहीत, तुम्ही कितीही वेळा एक केल्यात तरी.

स्प्रिंट, म्हणजे शनिवारची छोटी रेस, आल्यापासून हे फोन वाढलेत. २०२३ ला पोर्तिमाओत पहिल्याच स्प्रिंटच्या वीकेंडला शुक्रवारी पोल एस्पारगारो, शनिवारी बास्तियानिनी, रविवारी मार्केझ जखमी. तिन्ही दिवस मला विचारणा. शनिवारीही गुण मिळतात म्हटल्यावर थांबणाऱ्याचं नुकसान दीडपट, एवढं साधं आहे. रायडर मार्तिन २०२५ ला आधीच मोडलेला, कतारमध्ये परतला आणि तिथे बरगड्यांचा चुरा होऊन फुप्फुसाला मार बसला. त्या रात्रीसुद्धा एकाने विचारलं, "पुढच्या रेसला येईल का?" मी फोन ठेवला. उद्धटपणा वाटला असेल तर वाटू दे.

दादाचं शेवटचं अस्त्र म्हणजे २०२५ चा ऑक्टोबर. सप्टेंबरअखेर जपानमध्ये मोतेगीला मार्केझला सातवा मोटोजीपी किताब, पुढच्याच रविवारी इंडोनेशियात मंडालिकाला रायडर बेझेकीचा धक्का, उजव्या खांद्याला दुखापत. यावेळी मार्केझ थांबला. ऑपरेशन करून घेतलं आणि उरलेल्या चारही रेस सोडल्या. "बघ, शिकला की नाही?" दादा म्हणतो. शिकला असेल. मला त्याचं बरं वाटलं, खूप बरं वाटलं. पण किताब आधीच हातात होता. मार्तिन आणि बानियाया २०२४ ला दहा गुणांच्या फरकाने संपले, तसा फरक असता तर तो थांबला असता का? मी हे विचारल्यावर दादा म्हणाला, "तू सांग, तुला काय हवं असतं?" त्याचंही उत्तर मी दिलेलं नाही. ते पोरगं अजून रेस बघतं, आणि शुक्रवारी कुणी पडलं की पहिला मेसेज त्याचाच येतो.