‘घरी कोण कोण असतं?’ हा प्रश्न मी सोडला

गाव सोडून मुंबई-पुण्यात आलेल्या तृतीयपंथी आणि समलिंगी माणसांच्या नात्यांवर संशोधन करायचं ठरलं, तेव्हा मी आधी जनगणनेचे तक्ते उघडले. २०११ मध्ये पहिल्यांदा लिंगाच्या रकान्यात ‘इतर’ आलं: देशात ४,८७,८०३, महाराष्ट्रात ४०,८९१. पण नोंद कुटुंबप्रमुखाच्या तोंडून होते, त्यामुळे हा आकडा जपून वापरावा. स्थलांतराच्या कारणांत काम, व्यवसाय, शिक्षण, लग्न, कुटुंबासोबत असे रकाने आहेत. लग्न ठरतंय म्हणून जो घरातून निघाला, तो ‘काम’ किंवा ‘इतर’मध्ये हरवतो.

म्हणून मुलाखती. ‘घरी कोण कोण असतं?’ असं विचारलं की लोक गावच्या आईवडिलांची नावं सांगतात आणि थांबतात. मग मी कामं विचारायला लागले. गेल्या आजारपणात दवाखान्यात सही कोणी केली? खोलीचं डिपॉझिट कोणी भरलं? दर महिन्याला पैसे कोणाला जातात? रेशनकार्डावर नाव कुठे आहे? (क्वीअर, म्हणजे समलिंगी-तृतीयपंथी, जोडीदारांना रेशनसाठी एकाच घरातले धरावं, असं केंद्राने राज्यांना २०२४ मध्ये कळवलं, म्हणून हा प्रश्न आता फार उपयोगी पडतो.) या उत्तरांतून तृतीयपंथी जमातीतली नाती, म्हणजे गुरू, गुरुभाऊ (एकाच गुरूचे चेले), नानी (गुरूची गुरू), चेला (शिष्य), आणि जोडीदार, रूममेट आपोआप कागदावर येतात. एका फोनमध्ये दोन नंबर सेव्ह होते, ‘आई गाव’ आणि ‘आई मुंबई’. दुसरी म्हणजे गुरू. पैसे दोघींनाही जात होते.

नात्यांचा नकाशा दोन रंगांत काढते: रक्ताची नाती निळ्या पेनाने, जोडलेली लाल. प्रत्येक रेषेवर वर्ष आणि गाव. माणसं गावाशी संबंध तोडून येतात हा समज इथेच मोडतो. सणाला, जत्रेला, आईच्या ऑपरेशनला जाणं-येणं चालूच असतं, फक्त कपडे आणि नाव बदलून.

तृतीयपंथी जमातीत काम असेल तर आधी गुरूची परवानगी हवी. पण गुरू समोर बसलेली असताना चेला पैशांबद्दल बोलत नाही. म्हणून पहिली बैठक दोघींसोबत, पुढच्या दोन एकटीसोबत, सकाळी मागायला निघण्याआधी, पाऊण तासाच्या आत. या समाजासाठी काम करणाऱ्या संस्थेच्या ऑफिसात बसलं की उत्तरंही संस्थेला आवडतील अशी मिळतात.

संमतीपत्रावरची सही हाच मोठा धोका आहे, कारण त्या कागदावर खरं नाव राहतं. संशोधनाला मंजुरी देणाऱ्या नैतिकता समितीकडे मी तोंडी, रेकॉर्ड केलेल्या संमतीची परवानगी सुरुवातीलाच मागते. मागाहून मागितली तर महिने जातात. फोन कोणत्या वेळी करायचा आणि दुसऱ्याच कोणी उचलला तर काय सांगायचं, हेही आधीच ठरवून घेते. तासाभराचं रेकॉर्डिंग उतरवायला पाच-सहा तास लागतात. ते बाहेर टाइप करायला देत नाही.

नाव बदलणं पुरत नाही. तालुका, जात आणि घर सोडल्याचं वर्ष एकत्र आलं की गावातला कोणीही माणूस ओळखतो. म्हणून तालुक्याऐवजी विभाग लिहिते, वर्षाऐवजी दशक. छापण्याआधी मुलाखत देणारीला तिचा भाग वाचून दाखवते आणि ती म्हणेल ते काढते, मग ते प्रकरणातलं सगळ्यात चांगलं वाक्य असलं तरी.