आभा नंबरच्या आधी केसपेपर सुधारा

पेशंटच्या नोंदी ऑनलाइन जोडणाऱ्या सरकारी आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये नाव घातलं, काउंटरवर क्यूआर कोड चिकटवला, की दातांचा दवाखाना तयार झाला असं बरेच जण धरून चालतात. नोंदणी हा त्यातला सोपा भाग. डॉक्टरची नोंद एका रजिस्ट्रीत, दवाखान्याची दुसरीत. आधारवरचं आणि डेंटल कौन्सिलच्या प्रमाणपत्रावरचं नाव जुळत नसेल तर घोडं अडतं; लग्नानंतर आडनाव बदललेल्यांनी ते आधी दुरुस्त करून घ्यावं.

खरं काम केसपेपरचं. पेशंटच्या १४ आकडी आभा नंबरला, म्हणजे या मिशनमधल्या आरोग्य ओळख क्रमांकाला, जोडलेली आपली नोंद उद्या दुसरा कुणीतरी उघडणार आहे. नुसतं ‘१६ काढणे’ लिहिलं तर? दातांना क्रमांक देण्याच्या एफडीआय पद्धतीत १६ म्हणजे वरची उजवी पहिली दाढ. अमेरिकन युनिव्हर्सल पद्धतीत १६ म्हणजे वरची डावी अक्कलदाढ. सॉफ्टवेअर घेतल्या दिवशीच सेटिंगमध्ये एफडीआय आहे ना ते बघा, आणि आकड्यासोबत दाढेचं नाव शब्दांत लिहाच. आणखी एक: घरात सगळ्यांचा मोबाईल नंबर एकच असतो. सासूबाईंचा एक्स-रे सुनेच्या नावावर चढू नये म्हणून नाव आणि जन्मसाल रिसेप्शनवर दरवेळी ताडून पाहा.

आता औषधं. ‘काही औषधं चालू आहेत का?’ या प्रश्नाला ‘नाही’ हेच उत्तर येतं, कारण बीपीची रोजची गोळी लोकांच्या लेखी औषध नसतेच. अपॉइंटमेंट देतानाच सांगा, सगळ्या गोळ्यांची पाकिटं घेऊन या. दोन गोष्टी मुद्दाम, वेगळ्या विचारा: रक्त पातळ करणारी गोळी, आणि हाडांच्या ठिसूळपणासाठीचं औषध. हाडांसाठीचं झोलेड्रॉनिक ॲसिड वर्षातून एकदाच सलाईनमधून देतात, त्यामुळे पेशंटला ते आठवतच नाही. त्यानंतर दाढ काढली तर क्वचित जखम भरत नाही आणि जबड्याचं हाड उघडं पडतं.

फिजिशियनला ‘फिटनेस द्यावा’ एवढीच चिठ्ठी पाठवू नका. त्यावर सावधगिरी म्हणून ‘ॲस्पिरिन (रक्त पातळ करणारी गोळी) ५ दिवस बंद’ असं उत्तर येऊ शकतं, आणि स्टेंट घातलेल्या माणसाला तेच जास्त धोक्याचं. चिठ्ठीत लिहा: खालची एक दाढ काढायची आहे, भूल लिग्नोकेन २ टक्के, ॲड्रेनॅलिन १:८०,०००; रक्तस्राव टाके आणि गॉझच्या दाबाने आवरता येईल; ॲस्पिरिन चालू ठेवून काढण्याचा विचार आहे, हरकत आहे का? रक्त पातळ करणारी दुसरी गोळी, वॉरफरिन, असेल तर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी तपासणी) २४ तासांच्या आतला मागवा. पेशंट स्थिर असेल तर ७२ तासांपर्यंतचा चालतो.

चिठ्ठी उलटही गेली पाहिजे, आणि इथेच आपण कमी पडतो. मधुमेही माणसाच्या हिरड्यांना सूज, खोल पॉकेट (दात आणि हिरडीमधली फट) दिसले तर मापं त्याच्या डॉक्टरला कळवा आणि एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) मागा. बीपीची अम्लोडिपिन गोळी घेणाऱ्याच्या हिरड्या दातांवर चढू लागल्या असतील तर फोटो काढून पाठवा. गोळी बदलायची की नाही हे ते ठरवतील.