रात्रपाळीचा ओव्हरटाइम एक्सेलमध्ये का चुकतो

रात्री दहाला आत, सकाळी साडेआठला बाहेर. साधी वजाबाकी केली की एक्सेल ##### दाखवतं. एक्सेलच्या हिशेबी वेळ म्हणजे दिवसाचा अपूर्णांक: २२:०० म्हणजे ०.९१६७, ८:३० म्हणजे ०.३५४२. मध्यरात्र उलटली की उत्तर उणे येतं, मग रकाना कितीही रुंद करा. काही जण १९०४ची तारीख-पद्धत (दिवस १९००ऐवजी १९०४पासून मोजणारी) चालू करायला सांगतात. तसं करू नका, शीटमधल्या जुन्या तारखा चार वर्षं एक दिवस पुढे सरकतात.

बी रकान्यात आत, सीमध्ये बाहेर, डीमध्ये जेवणाची सुट्टी ०:३० धरा. ई२मध्ये कामाचे तास (टाइप करताना सगळं इंग्रजीत):

=मॉड(सी२-बी२,१)-डी२

मॉड उणे उत्तरात एक पूर्ण दिवस मिळवतो. उत्तर १०:००. एच१मध्ये रोजच्या तासांची मर्यादा, उदाहरणार्थ ९:००, लिहा आणि एफ२मध्ये ओव्हरटाइम काढा:

=मॅक्स(०,ई२-$एच$१)

मर्यादा सूत्रात कोंबू नका. करार किंवा नियम बदलला तर एकच सेल बदलायला हवा. नोव्हेंबर २०२५पर्यंत लागू असलेल्या कारखाना अधिनियम, १९४८ मध्ये दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांच्या वरचं काम दुप्पट दराने धरलं होतं. मध्यरात्रीनंतरचे तासही त्यात आदल्याच दिवसात मोजत, म्हणून रात्रपाळीची ओळ दोन तारखांत तोडायची नाही.

९ आणि ४८ तासांच्या मर्यादा धरल्या तर आठवड्याचा हिशेब मात्र दोनदा लागतो. सोमवारी ११ तास, बाकी पाच दिवस ८-८, एकूण ५१. रोजच्या हिशेबाने २ तास जादा, आठवड्याच्या हिशेबाने ३. द्यायचे ३, बेरीज करून ५ नव्हे. दोन्हींतला मोठा आकडा घ्या.

बेरजेच्या सेलला [एच]:एमएम हा फॉरमॅट द्या. चौकटी कंस विसरलात तर ५१ तास ३:०० दिसतात आणि बघणाऱ्याला शंकाही येत नाही.

पैसे काढताना २४ने गुणायला चुकू नका. दीड तास, ताशी १०० रुपये, दुप्पट दर: एफ२*२४*१००*२ म्हणजे ३००. चोवीस राहिले तर १२ रुपये ५० पैसे येतात. कामगार लगेच पकडतो, पण शीट गप्प असते.

आणि आपली जुनी सवय, १०.३० असं टिंब देऊन वेळ लिहिण्याची. एक्सेल त्याला साडेदहा नव्हे, दहा पूर्णांक तीन दशांश दिवस समजतं. मॉड पूर्ण दिवस टाकून देतो, त्यामुळे उत्तर दिसायला ठीक, पण चूक. बी आणि सी रकान्यांना डेटा व्हॅलिडेशनमध्ये ०:०० ते २३:५९ एवढीच वेळ चालेल असं बंधन घाला. १०.३० सारखी टिंब दिलेली नोंद तिथेच अडते.